टेबलाजवळून पाहिलेले युरॉलॉजीचे रोबोट

रोबोटिक यंत्रांची परीक्षणं बहुतेक वेळा कॉन्सोलवर, म्हणजे यंत्र चालवायच्या जागी, बसणाऱ्या सर्जननी लिहिलेली असतात. मी पेशंटच्या शेजारी उभी असते. आधी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) स्क्रब नर्स होते, आता युरॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रविकारांच्या, टीममध्ये बेडसाइड असिस्टंट आहे. सक्शन माझ्या हातात, क्लिप माझ्या हातात, सुई आत पाठवणं आणि मोजून बाहेर घेणं माझ्याकडे. यंत्राचा हात पेशंटच्या मांडीवर टेकतोय का, हे कॉन्सोलवरून दिसत नाही; मला दिसतं. हे परीक्षण त्या जागेवरून लिहिलेलं आहे.

माझं मत आधीच सांगते. हे यंत्र शिवण्यासाठी आहे. खोल, अरुंद जागेत टाके घालायचे असतात तिथे त्याने युरॉलॉजी बदलून टाकली. नुसतं सोडवून काढायचं असतं तिथे चांगला लॅप्रोस्कोपिक (पोटाला लहान छिद्रं पाडून दुर्बिणीने काम करणारा) सर्जन त्याच्याशिवाय तेवढंच चांगलं काम करतो.

यंत्र स्वतःच्या मनाने काही करत नाही, हे मी पेशंटच्या नातेवाइकांना सगळ्यात आधी सांगते. सर्जन काही फुटांवर कॉन्सोलवर बसतात, पेशंटवर यंत्राचे हात असतात, बाजूला कॅमेऱ्याचा टॉवर. सर्जनची बोटं हलली की आतलं हत्यार हलतं. हाताचा कंप गाळला जातो, आणि हालचाल हवी तेवढी लहान करता येते: बाहेर हात तीन सेंटिमीटर सरकला तर आत टोक एकच सेंटिमीटर सरकतं. दा विंची नावाच्या यंत्रामध्ये सर्जन दर्शकात डोकं घालून बघतात; त्यांनी डोकं बाहेर काढलं की सेन्सर ते ओळखतो आणि हत्यारं जागच्या जागी थांबतात.

खरी करामत टोकाशी असलेल्या मनगटात आहे. साध्या लॅप्रोस्कोपीचं हत्यार म्हणजे सरळ दांडा. पोटाच्या भिंतीतल्या छिद्रावर तो टेकलेला असतो, त्यामुळे बाहेरून हात उजवीकडे नेला की आत टोक डावीकडे जातं. काढायचं काम त्याने उत्तम होतं. १९९० मध्ये रॅल्फ क्लेमन यांच्या टीमने पहिलं मूत्रपिंड लॅप्रोस्कोपीने काढलं आणि ते तंत्र जगभर पसरलं. प्रोस्टेटचं तसं झालं नाही. पॅरिसमधल्या सर्जननी १९९० च्या दशकाच्या शेवटी लॅप्रोस्कोपीने प्रोस्टेट काढण्याची पद्धत बसवली, पण ती साधणारे हात थोडेच होते. अडचण प्रोस्टेट काढण्यात जितकी होती, त्याहून ती काढल्यावर मागे राहणाऱ्या पोकळीत जास्त होती.

ती पोकळी मी रोज पाहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रोस्टेट काढल्यावर वर मूत्राशयाचं तोंड असतं आणि खाली, जघनास्थीच्या मागे, मूत्रमार्गाचं आखडलेलं टोक. ही दोन तोंडं सगळ्या बाजूंनी, पाणी न गळता, जोडायची असतात. मूत्रमार्गाची भिंत पातळ. टाका जोरात ओढला तर ती फाटते, सैल राहिला तर लघवी पोटात झिरपते. आम्ही दोन धागे मागच्या बाजूला, घड्याळात सहा वाजतात त्या जागी सुरू करतो. एक उजवीकडून वर चढतो, दुसरा डावीकडून, आणि दोन्ही पुढे येऊन भेटतात. ही पद्धत फान फेल्टहोफन यांनी २००३ मध्ये मांडली. आता काटेरी धागा आल्यामुळे ताण मधे सुटत नाही. सुईचा कोन दर टाक्याला बदलतो, आणि तिथेच मनगट कामाला येतं. सरळ दांड्याने जी सुई तिरकी धरून, अंग वाकडं करून घालावी लागायची ती इथे सहज फिरते. मी कॅथेटरचं टोक मूत्रमार्गातून आत-बाहेर करत राहते म्हणजे सर्जनना तोंड दिसतं. शेवटी नवा कॅथेटर घालून मूत्राशयात पाणी भरायचं आणि जोडावर नजर ठेवायची. जोड कोरडा राहिला की सगळ्या ओटीचे खांदे खाली येतात.

दुसरी गोष्ट नसांची. ताठरतेसाठी लागणाऱ्या नसा प्रोस्टेटला चिकटून जातात, हे पॅट्रिक वॉल्श यांनी दाखवलं आणि १९८२ मध्ये त्या वाचवून पहिली शस्त्रक्रिया केली. ती खुल्या पद्धतीची, म्हणजे मोठा छेद घेऊन केलेली, होती. नसा कुठे आहेत हे रोबोटने शोधून काढलेलं नाही. त्याने त्या दहापट मोठ्या आणि त्रिमितीत दाखवल्या. त्या भागात करंट वापरायचा नाही, छोट्या क्लिप लावायच्या आणि थंड कात्रीने कापायचं. क्लिप कोणत्या कोनातून येणार हे माझ्या पोर्टवर, म्हणजे हत्यार आत घालायच्या नळीवर, ठरतं, त्यामुळे पोर्ट लावताना मी मोजपट्टी घेऊन हट्ट धरते. पोर्ट दोन बोटं चुकला तर पुढचे तीन तास सगळ्यांनाच जड जातात.

इतिहासाचं एवढंच: २००० च्या मे महिन्यात फ्रँकफर्टमध्ये बिंडर आणि क्रामर यांनी दा विंचीने प्रोस्टेट काढली. मग डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमध्ये मणी मेनन यांनी या शस्त्रक्रियेला शिकता आणि शिकवता येईल असं ठरावीक रूप दिलं. दुसरं काम मला पहिल्याइतकंच मोठं वाटतं.

आता मूत्रपिंड. गाठ लहान असेल तर पूर्ण मूत्रपिंड न काढता फक्त गाठ आणि भोवतीची पातळ कड काढायची, याला पार्शल नेफ्रेक्टॉमी म्हणतात. यंत्राची सगळ्यात मोठी कसोटी मला इथे दिसते, कारण घड्याळ चालू असतं. धमनीवर बुलडॉग क्लॅम्प, म्हणजे रक्त थांबवणारा चिमटा, लागला की मी मोठ्याने वेळ सांगते. रक्त थांबलेलं असताना मूत्रपिंड शरीराच्या तापमानाला तसंच पडून असतं आणि प्रत्येक मिनिट त्याला महाग पडतं. पंचवीस मिनिटांच्या आत क्लॅम्प निघावा असा सर्वसाधारण नियम, आणि त्याहून जितकं कमी तितकं बरं. त्या वेळात गाठ कापायची, तळाशी उघडलेल्या रक्तवाहिन्या आणि मूत्र गोळा करणारा कप्पा शिवायचा, मग कडा जवळ आणायच्या. धाग्याच्या टोकाला क्लिप लावून ती सरकवत टाका आवळतात, गाठी मारत बसत नाहीत. मी सुया क्रमाने मांडून ठेवते, एक आत जाताना दुसरी तयार. या मिनिटांत मनगटवाल्या हत्याराची बरोबरी सरळ दांडा करू शकत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी काम केल्यावर सांगते. लॅप्रोस्कोपीने ही शस्त्रक्रिया सुरेख करणारे सर्जन आहेत; पण ते मोजके आहेत, आणि रोबोटमुळे तो हात जास्त जणांना मिळाला.

इथेच फायरफ्लाय कॅमेऱ्याचा उल्लेख करायला हवा. भूल देणाऱ्या मॅडम शिरेतून इंडोसायनिन ग्रीन देतात, कॅमेरा जवळच्या इन्फ्रारेड प्रकाशावर जातो आणि जिथे रक्त पोहोचतं तिथे मूत्रपिंड हिरवं चमकतं. धमनीची एकच फांदी बंद केली असेल तर नेमका तेवढाच तुकडा काळा राहतो. ही सोय नुसती दिखाऊ नाही; क्लॅम्प बरोबर जागी बसला का हे कापण्याआधी कळतं.

मूत्रपिंडातून निघणाऱ्या नळीचा अरुंद भाग कापून जोडणं, म्हणजे पायलोप्लास्टी, आणि मूत्रनलिका मूत्राशयात पुन्हा बसवणं, ही शिवणाचीच कामं. इथेही मी यंत्राच्या बाजूने. पण निकामी झालेलं मूत्रपिंड साधं काढून टाकायचं असेल, अधिवृक्क ग्रंथीची लहान गाठ काढायची असेल, मूत्रपिंडावरची साधी पाण्याची गाठ उघडायची असेल, तर रोबोट मांडण्यात जाणारा वेळ आणि हत्यारांचा खर्च मला पटत नाही.

पुरावा काय म्हणतो हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण जाहिरातीत ते येत नाही. ब्रिस्बेनमध्ये ३२६ पुरुषांवर खुल्या आणि रोबोटिक प्रोस्टेट शस्त्रक्रियेची चिठ्ठ्या टाकून तुलना झाली. रोबोटच्या गटात रक्त कमी गेलं, घरी लवकर गेले. पण लघवीवरचं नियंत्रण आणि लैंगिक क्षमता बारा आठवड्यांनी आणि पुढे दोन वर्षांनीही दोन्ही गटांत सारखीच निघाली. यात एक बारकावा आहे: खुल्या शस्त्रक्रियेच्या सर्जनकडे पंधराशेहून जास्त शस्त्रक्रियांचा अनुभव होता, रोबोटवाल्यांकडे सुरुवातीला दोनशेच्या आसपास. हा निकाल मी दोन्ही अंगांनी वाचते. उत्तम हाताची खुली शस्त्रक्रिया मागे पडत नाही. आणि यंत्राने कमी अनुभवी हाताला त्या पातळीवर आणलं. जर्मनीतल्या लॅप-०१ चाचणीत तुलना साध्या लॅप्रोस्कोपीशी होती. तिथे तीन महिन्यांनी लघवीवर नियंत्रण असलेले रोबोटच्या गटात ५४ टक्के होते, लॅप्रोस्कोपीच्या गटात ४६. शिवण सुधारली की फरक कुठे दिसावा, तर तो इथेच दिसला, असं मला वाटतं.

मूत्राशयाच्या कर्करोगात संपूर्ण मूत्राशय काढण्याबाबत २०१८ मध्ये रेझर चाचणी आली. अमेरिकेतली पंधरा केंद्रं, ३५० पेशंट. दोन वर्षांनी आजार न वाढलेले रोबोटच्या गटात ७२.३ टक्के, खुल्या गटात ७१.६. कर्करोगाच्या बाबतीत बरोबरी. पण तिथे लघवीसाठी आतड्यापासून केलेली नवी वाट छेद घेऊन बाहेर शिवली जात होती, म्हणजे यंत्राचा मुख्य गुण वापरलाच नव्हता. ब्रिटनमधल्या २०२२ च्या आयरॉक चाचणीत ती शिवणही आतच केली. पहिल्या नव्वद दिवसांत जिवंत आणि रुग्णालयाबाहेर घालवलेले दिवस ८२ विरुद्ध ८० निघाले. दोन दिवसांचा हा फरक फार मोठा नाही, पण जखमेच्या तक्रारी आणि रक्ताच्या गुठळ्या रोबोटच्या गटात कमी होत्या. वॉर्डमध्ये ज्यांनी अशा उघडलेल्या जखमा धुतल्या आहेत त्यांना याची किंमत कळेल.

आता टेबलाजवळचं. ओटीपोटातल्या शस्त्रक्रियांना पेशंटचं डोकं पंचवीस ते तीस अंश खाली करावं लागतं, वर पोटात १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने कार्बन डायऑक्साइड. तासन्तास तसं राहिल्यावर चेहरा सुजतो, डोळ्यातला दाब वाढतो, कधी श्वसनमार्गालाही सूज येते. काचबिंदू असलेल्या पेशंटने हे आधीच भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं पाहिजे. पेशंट घसरू नये म्हणून खांद्याखाली, पाठीखाली काय आहे हे मी डॉकिंगच्या, म्हणजे यंत्राचे हात पोर्टला जोडण्याच्या, आधी स्वतः हात घालून पाहते. यंत्राचे हात पोर्टला जोडलेले असताना टेबल हलवायचं नाही, हा जुना पक्का नियम. दा विंची एक्सआयला जुळणारं खास टेबल असेल तर हात आणि टेबल एकत्र हलतात. पायाकडची बाजू थोडी खाली घ्यायची असते तेव्हा त्याचा फार उपयोग होतो.

जुन्या पिढीच्या हातांपेक्षा एक्सआयचे हात सडपातळ आहेत, वरच्या बूमवरून येतात, लेझरच्या खुणेवर गाडी लावता येते आणि आठ मिलिमीटरचा कॅमेरा कुठल्याही पोर्टमधून घालता येतो. कॅमेऱ्याची जागा बदलता येणं ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी सुधारणा, कारण चिकटलेलं आतडं सोडवताना दुसऱ्या बाजूने पाहावं लागतं.

हत्यारांना ठरावीक आयुष्य असतं आणि यंत्र ते मोजतं. दा विंचीची बरीच हत्यारं दहा वापरांची होती. २०२० पासून काहींची मर्यादा बारा ते अठरापर्यंत वाढली. धार चांगली असली तरी मोजणी संपली की यंत्र हत्यार घेत नाही. करंटच्या कात्रीवर जे रबरी टोपण चढवतात त्याकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं. त्याला बारीक चीर गेली तर करंट नको तिथे, आतड्यावर, उडू शकतो, आणि ती इजा त्या दिवशी दिसत नाही. टोपण चढवताना आणि प्रत्येक वेळी हत्यार बाहेर आल्यावर मी ते उजेडात फिरवून बघते.

एका यंत्रावर माझ्यासमोर बिघाडाची घंटी वाजली तेव्हा पकडीत ऊतक धरलेलं होतं. अशा वेळी पकड हाताने उघडण्याची चावी असते. ती कुठे टांगलेली आहे हे ओटीतल्या प्रत्येकाला डोळे मिटून माहीत असलं पाहिजे. आम्ही तातडीने हात सोडवण्याचा सराव ठरवून करतो: हत्यारं कोण काढणार, गाडी कोण मागे ओढणार, खुल्या शस्त्रक्रियेचा ट्रे कोण उघडणार. कंपनीचं प्रशिक्षण यात फार कमी वेळ घालवतं, अशी माझी तक्रार आहे, आणि ती कुणा एका कंपनीपुरती नाही.

निवडीला आता बरीच यंत्रं आहेत. केंब्रिजच्या सीएमआर सर्जिकलचं व्हर्सियस, मेडट्रॉनिकचं ह्यूगो, जपानी हिनोतोरी, भारतात तयार झालेलं एसएसआय मंत्रा, स्पर्शाची जाणीव देणारं आणि नजरेने कॅमेरा हलवणारं सेनहान्स. व्हर्सियस आणि ह्यूगोचे हात वेगवेगळ्या गाड्यांवर असतात. हवा तेवढा हात आणायचा, नको तो बाजूला करायचा. मूत्रपिंडासाठी पेशंट कुशीवर असताना ही मोकळीक सोयीची. पण चार गाड्यांची चार चाकं, चार वायरी आणि त्यांच्यामधून वाट काढणारी मी, हा हिशेबही मांडावा लागतो. अशा मांडणीच्या यंत्रावर माझा पहिला काळ जमिनीवर खुणा करण्यात गेला. व्हर्सियस आणि हिनोतोरीमध्ये हात पोर्टला अडकवलेला नसतो, त्यामुळे पोर्टभोवती माझ्या हाताला जागा मिळते.

उघड्या कॉन्सोलबद्दल माझं मत ठाम आहे: टीमसाठी तो चांगला. ह्यूगो आणि व्हर्सियसवर सर्जन खास चष्मा लावून पडद्याकडे बघतात, डोकं कशात घातलेलं नसतं. मी बोलले की ते माझ्याकडे बघू शकतात. बंद दर्शकातलं चित्र मात्र अजून जास्त खोल आणि स्थिर वाटतं, असं माझ्या सर्जनचं म्हणणं आहे, आणि नसा सोडवताना त्यांना तेच हवं असतं. बंद कॉन्सोलवर काम करताना आम्ही प्रत्येक आज्ञा मोठ्याने परत म्हणतो. "क्लिप." "क्लिप देते." "लावली." हे शब्द सुटले की गोंधळ सुरू होतो.

दा विंची एसपीमध्ये एकाच अडीच सेंटिमीटरच्या नळीतून कॅमेरा आणि तीन हत्यारं जातात. युरॉलॉजीसाठी अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. आधी खूप शस्त्रक्रिया झालेल्या पोटात, पोटाच्या पडद्याबाहेरूनच प्रोस्टेटपर्यंत जाता येतं आणि डोकंही तितकं खाली करावं लागत नाही, हा त्याचा खरा फायदा. एकच व्रण हा लहान फायदा. २०२४ च्या मार्चमध्ये मान्यता मिळालेल्या दा विंची ५ मध्ये ऊतक किती ओढलं जातंय याची जाणीव हाताला देणारी हत्यारं आहेत. आजवर सर्जन हे नजरेने ओळखत आले: धागा किती ताणला, कड किती पांढरी पडली. पातळ मूत्रमार्गावर बारीक धागा ओढताना ही जाणीव मिळणं मला वरवरची सुधारणा वाटत नाही.

एक यंत्र या सगळ्यांपेक्षा वेगळं, आणि त्याला माझा शिवणाचा निकष लागू होत नाही. वाढलेल्या, कर्करोग नसलेल्या प्रोस्टेटसाठीचं अॅक्वाबीम. सर्जन अल्ट्रासाऊंडवर किती भाग काढायचा त्याची रेघ आखतात आणि यंत्र त्या रेघेत पाण्याच्या झोताने ऊतक स्वतः काढतं, उष्णतेशिवाय. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये तयार झालेल्या प्रोबॉट नावाच्या यंत्राने १९९१ मध्येच अशा आपोआप कापण्याचा प्रयत्न केला होता. अॅक्वाबीमच्या वॉटर चाचणीत वीर्यस्खलन पूर्ण थांबल्याचं प्रमाण १० टक्के होतं, मूत्रमार्गातून दुर्बीण घालून करतात त्या नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर ३६. झोताने रक्त थांबत नाही, ते नंतर वेगळं थांबवावं लागतं, म्हणून त्या रात्री कॅथेटरमधल्या पाण्याच्या रंगाकडे बारीक लक्ष ठेवावं लागतं. स्खलन टिकावं असं वाटणाऱ्या पेशंटने याबद्दल जरूर विचारावं.

पेशंटना माझा सल्ला असा: यंत्राची पिढी विचारण्याआधी सर्जननी हीच शस्त्रक्रिया किती केल्या ते विचारा. रोबोट बंद पडला तर पुढे काय करणार, हे विचारा. चांगली टीम या प्रश्नावर चिडत नाही, लगेच उत्तर देते. खुल्या पद्धतीत तुमचे डॉक्टर निष्णात असतील तर केवळ यंत्र नाही म्हणून त्यांना सोडू नका.

आणि यंत्र विकत घेणाऱ्या समित्यांना एक मागणी. डेमोच्या दिवशी सर्जनना कॉन्सोलवर बसवता, तसं आमच्यातल्या एकीलाही स्क्रब करून टेबलाशी उभं करा. तिला यंत्राच्या हातांवर ड्रेप (निर्जंतुक आवरण) चढवू द्या, हत्यार बदलू द्या, पेशंट कुशीवर असताना सक्शन घेऊन वाकून बघू द्या, आणि मग न सांगता घंटी वाजवून सगळे हात सोडवायला लावा. त्याला किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिहून घ्या आणि किमतीच्या कागदाला जोडा.